दोन बटणे

आमच्या बेळगावच्या दारात १९९८ साली अण्णांची मारुती ८०० आली. तिच्यातला टेप काकांनी मस्कतहून आणलेला. अण्णा कॅसेट क्वचितच लावीत. त्यांचा सारा जीव रेडिओवर. पहिल्या बटणावर धारवाड, ७६५ किलोहर्ट्झ. दुसऱ्यावर सांगली, १२५१. टिळकवाडीहून कचेरीला जाताना कानडी बातम्या, परतताना मराठी भावगीते. "एकाच कानाने ऐकलं तर अर्धंच गाव ऐकू येतं," असे ते म्हणत.

२०१० साली अण्णा गेले. दोन वर्षांनी मुलाने हट्ट धरला, मोबाईलमधली गाणी गाडीत वाजली पाहिजेत. टेपच्या पाठीमागे सीडी चेंजरसाठी सॉकेट होते; त्यात बसणारा अ‍ॅडॉप्टर त्याने मिळवला. म्हणजे टेप बाहेर काढणे आले.

मिस्त्री आला आणि टेपला हातही न लावता त्याने बॉनेट उघडले. "मदल बॅटरी, सर. मायनस."

टेपमागच्या पिवळ्या वायरीत किल्ली काढली तरी वीज असते. ती पत्र्याला टेकली की ठिणगी, फ्यूज खलास. दहा नंबरचा पाना लावता लावता तो सहज म्हणाला, "स्टेशन एल्ला होगतावरी."

सगळी स्टेशने पुसली जाणार! त्याच पिवळ्या वायरीवर टेपची स्मरणशक्तीही जगत होती. अण्णांच्या बोटांनी लावलेली ती दोन बटणे.

"स्वल्प तडीरी," मी म्हटले आणि विजेच्या बिलामागे दोन्ही आकडे लिहून घेतले.

मग केबल सुटली. प्लास्टिकची चौकट निघाली, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या सरकवून टेप अलगद पुढे आला. मिस्त्रीने वायर ओढली नाही. खटका दाबून प्लग सोडवला, मग एरियल. अ‍ॅडॉप्टर बसला. टेप आत ढकलण्यापूर्वी त्याने सारे जोडून वाजवून पाहिले.

घड्याळ शून्यावर लुकलुकत होते. पहिले बटण दाबले; नुसती खरखर.

मुलाने माझ्या हातातले बिल घेतले. काही न बोलता ७६५ लावले, बटण दाबून धरले. मग १२५१. त्यानंतरच स्वतःचे गाणे सुरू केले.

गाडी २०१९ साली विकली. घेणाऱ्याला सगळे कागद दिले. ते बिल तेवढे माझ्याकडे ठेवले.