छोट्याच्या निमित्ताने

मुंबईच्या मोहल्ल्यात, एका खोलीच्या घरात दोन वर्षांचं मूल असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. दहा बाय पंधराची खोली. त्यात दिवाण, कपाट, फ्रिज, मोरी, आणि उरलेल्या जागेत संसार. मूल चालायला लागतं तेव्हा साऱ्या घराला आनंद होतो. धावायला लागतं तेव्हा मात्र धावायला जागाच नसते. मग ते कपाटाची दारं आपटतं, भांडी ओढतं, शेगडीकडे झेपावतं. ‘किती मस्ती करतो!’ म्हणून त्याला रागावलं जातं. खरं तर ते मस्ती करत नसतं, जागा शोधत असतं.

आणि त्याच्या मागे दिवसभर धावणारी त्याची आई? आपल्याकडे बाईने घराबाहेर पडायचे प्रसंग ठरलेले आहेत. शादी, मय्यत, दवाखाना, माहेर आणि ईदची खरेदी. यांपैकी काही नसेल तर ती बाहेर का गेली, याचं उत्तर तिला जिना उतरण्याआधीच तयार ठेवावं लागतं.

माझी सून दापोली तालुक्यातली. माहेरच्या घरापुढे अंगण, मागे वाडी, पलीकडे खाडी. लग्न करून ती कुर्ल्याला आमच्या खोलीत आली. मुलगा कुवेतला असतो, दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतो. कोकणी मुसलमानांच्या घरांना यात काही नवीन नाही. आपले पुरुष आधी जहाजांवर गेले, मग आखातात गेले. छोटा दीड वर्षाचा झाला त्या सुमारास सून बोलेनाशी झाली. कामं सगळी चोख, पण विचारलं तेवढंच उत्तर. खिडकीची जाळी धरून छोट्याला कबुतरं दाखवत ती कितीतरी वेळ उभी असायची. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि मलाच विचारलं, “ही घराबाहेर केव्हा पडते?”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं राणीच्या बागेत गेलो.

राणीची बाग निवडायला मला विचार करावा लागला नाही. मदनपुरा, नागपाडा, भायखळा या वस्त्यांना ती घरच्या अंगणासारखी. बासी ईदला तिथे पाय ठेवायला जागा नसते. नव्या कपड्यांतली मुलं, मेंदीचे हात, डब्यातली बिर्याणी. आमच्या लहानपणी अब्बा आम्हा पाच भावंडांना नेत, तेव्हा तिकिटाचा विचार मनात येत नसे. २०१७ साली दक्षिण कोरियातून आणलेले पेंग्विन लोकांना दाखवायला सुरुवात झाली. मोठ्यांचं पाच रुपयांचं तिकीट त्याच वर्षी पन्नास रुपये झालं आणि मुलांचं दोनाचं पंचवीस. आईवडील आणि दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला शंभर. आमच्या घरांत फुफी असते, चुलत भावंडं असतात. ती त्या चौकोनात मावत नाहीत. तरीही मी म्हणेन, या शहरात शंभर रुपयांत अर्धा दिवस एवढी जुनी सावली दुसरीकडे मिळणार नाही. आम्हा दोघींचे शंभर लागले, छोट्याचं काही लागलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचंही तिकीट नसतं. बुधवारी बाग बंद असते आणि रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, एवढं ध्यानात ठेवून सकाळी लवकर निघावं.

छोट्याने पेंग्विनकडे पाहिलं न पाहिलं केलं. काचेपलीकडचा अंधार आणि भोवतीची गर्दी बघून तो रडायला लागला. बाहेर आल्यावर मात्र एक माळी रबरी पाइपने झाडांना पाणी घालत होता. तिथे तो जो उभा राहिला तो अर्धा तास हलला नाही. पाण्याची धार, ओली माती, मातीतून निघालेला एक गांडूळ. पुढे बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती बघून त्याने टाळ्या वाजवल्या. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटलं, तोच हा. छोट्याच्या दृष्टीने जिवंत हत्तीपेक्षा हाच बरा. हा पळून जात नाही!

त्या दिवशी मला कळलं की एवढ्या लहान मुलाला महागाचं काही लागत नाही. त्याला माती, पाणी, झाड, एखादं जनावर, आणि ‘नको, पडशील’ असं कोणी न म्हणता पळता येईल अशी पन्नास पावलांची जागा लागते. मॉलमध्ये आत जायला पैसे पडत नाहीत हे खरं. पण तिथे मुलाला जे जे दिसतं ते विकत घ्यायचं असतं. खेळायच्या खोलीला तासाचे पैसे, वर बुरख्यातल्या बाईची पिशवी दारावर जरा जास्तच वेळ तपासली जाते. पैसे वाचवून मन कडू करून घ्यायचं तर तिथे जावं.

मग आमचे रविवार ठरत गेले. कधी मलबार हिलवर कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट, कधी गेटवेच्या कठड्यापाशी उभं राहून लाँच बघणं. मेगाब्लॉक मोठा असला तर स्टेशनचा पूलच. खालून जाणाऱ्या गाड्या मोजायला काही पडत नाही, आणि छोट्याला त्याहून मोठं सुख नाही. बकरी ईदच्या आधीचा आठवडा तर आमच्या गल्लीतच जत्रा. देवनारच्या मंडीत चिखल आणि रेटारेटी असते, लहान मुलाला तिकडे नेऊ नये. पण दारोदार बांधलेल्या बोकडांना पाला खाऊ घालत मुलं सकाळची संध्याकाळ करतात.

हाजी अलीला मात्र आम्ही मुद्दाम जातो. दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, तिथून चालत. समुद्रातली ती वाट अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून आधी ओहोटीची वेळ बघावी. गुरुवार-शुक्रवारी गर्दी फार. दोन्ही बाजूंनी समुद्र आणि मधून छोटा माझं बोट धरून चाललेला. याच दर्ग्यात मजारीजवळ जायला बायकांना मनाई झाली होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका न्यायालयात गेल्या, २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. मी हे सुनेला वाटेवर सांगितलं. ती म्हणाली, “अम्मी, म्हणजे इथे यायलाही कोणाला तरी भांडावं लागलं.” कितीतरी महिन्यांनी ती आपणहून एवढं लांब वाक्य बोलली होती.

लोक बोलले नाहीत असं नाही. जिन्यात एक शेजारीण विचारायचीच, “क्यूँ टीचर, हर इतवार कहाँ?” मी म्हणायची, “छोट्याला फिरवायला.” तेवढ्याने तिचं समाधान होई. मला मात्र या उत्तराचा विचार पडायचा. ‘व्हाय लॉइटर?’ हे मुंबईतल्या बायकांच्या वावरण्याविषयीचं पुस्तक २०११ साली आलं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ते लिहिलं आहे. बाईला रस्त्यावर नुसतं असता येत नाही, तिथे असण्याचं कारण दाखवावं लागतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. आमचं कारण कडेवर होतं. लहान मूल म्हणजे बाईचा परवानाच. कडेवर तो असला की कोणी अडवत नाही.

मुलाचाही कुवेतहून फोन आला. “अम्मी, सोबत कोणी पुरुष नसताना दर आठवड्याला कशाला?” मी विचारलं, “तू शुक्रवारी समुद्रावर जातोस, ते कशाला?” तो म्हणाला, “आठवडाभर काम केल्यावर जीव मोकळा करायला.” मी म्हटलं, “मग तिनेही आठवडाभर कामच केलंय.” थोडा वेळ तो गप्प होता. पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवताना ‘छोट्याच्या फिरण्याचे’ म्हणून पाचशे रुपये वेगळे येऊ लागले.

दीनचं नाव घेऊन अडवणाऱ्यांना मी एका हदीसची आठवण देते. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. हजरत आयेशांना ते बघायचे होते. पैगंबर साहेब (स.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले, आणि आयेशांचं मन भरेपर्यंत तसेच उभे राहिले. बाईचं मन भरणं ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे, हे यातून मी शिकले.

हिशेब सांगायचा तर, डबा घरचा, पाणी घरचं. उकडलेली अंडी, केळी, खजूर आणि छोट्याचे दोन जोड कपडे पिशवीत. २०२५च्या मे महिन्यात बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, तेव्हापासून आम्ही एखादा थांबा जास्त चालतो. तिकिटाची बाग नसेल तर शंभराच्या आत रविवार पार पडतो. अडचण येते ती पैशाची नव्हे. बाईला जाता येईल असं स्वच्छ शौचालय, बाळाला अंगावर पाजायला आडोसा, नमाजपुरती जागा, या गोष्टी मिळत नाहीत. म्हणून असरच्या आधीच परतावं लागतं.

गेल्या पावसाळ्यानंतर माझे गुडघे धरले. मी म्हटलं, आता महिन्यातून एकदाच जाऊ. सून काही बोलली नाही. पण रविवारी ती शेजारच्या दोन तरुण बायकांना आणि त्यांच्या पोरांना घेऊन राणीच्या बागेत गेली. जिन्यात विचारणाऱ्या शेजारणीची सूनही त्यात होती. चार मुलं आणि तीन आया. मगरिबची अजान झाल्यावर दमून, धुळीने माखून परत आल्या. जिन्यातून त्यांचं हसणं वर ऐकू येत होतं.

आपल्या जमातींनी शादीचे हॉल बांधले, ते गरजेचे होते. आता कुठे नवा हॉल, मदरसा किंवा मशिदीचं आवार बांधायचं असेल, तर त्यात पन्नास पावलांची मातीची जागा मुलांसाठी ठेवावी. एक झाड, एक नळ, दोन बाकं आणि बायकांसाठी कडी लागणारं शौचालय. खर्च फार नाही. तिथे मूल पळेल आणि त्याची आई बाकावर नुसती बसेल. ‘का बसलीस?’ असं तिला कोणी विचारू नये, एवढंच माझं मागणं आहे.