गिऱ्हाइकाचा शब्द

शब्दाला किंमत असते, हे वाक्य मी आजवर अनेक व्याख्यानांतून ऐकले आहे. पण ती किंमत रुपये-पैशांत कोणी सांगितली नव्हती. 'पिठाची गिरणी' या दोन शब्दांना एक भाव आहे, 'घरघंटी'ला दुसरा आहे, आणि पुढे 'किंमत' हा शब्द जोडला की भाव बहुधा आणखी चढतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. मंडईत पहाटे भाजीचा लिलाव होतो, तसा गूगलवर शब्दांचा लिलाव चालतो. फरक इतकाच, की मंडईतला लिलाव दिवसातून एकदा होतो आणि हा, कोणी काही शोधायला टंकले की प्रत्येक वेळी नव्याने होतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत संपतोही. बोली बोलणारे तेथे हजर नसतात. आपण कुठवर चढणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेले असते.

गूगलने जाहिरातींची ही पेठ २००० साली उघडली आणि २००२ पासून 'कोणी जाहिरात दाबली तरच पैसे' हा व्यवहार तीत आणला. मात्र मोठी बोली बोलणाराच वर बसतो असे नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाला तुमची जाहिरात कितपत लागू पडते, आणि ती दाबल्यावर पुढे उघडणारे पान कामाचे आहे की नाही, हेही पाहिले जाते. एखाद्या धनवंताने नुसत्या पैशाच्या जोरावर पहिला पाट बळकवावा, इतकी काही ती पंगत सोपी नाही.

हे ज्ञान मी हौसेने मिळवले नाही. ज्या लहानशा कारखान्यात मी हिशेब लिहिते, तेथे घरगुती पिठाच्या गिरण्या तयार होतात. एक अश्वशक्तीची मोटर, आत वेगाने फिरणारी पाती आणि त्यांच्याभोवती जाळी. धान्य फुटत राहते आणि जाळीतून निघण्याइतके बारीक झाले की खालच्या डब्यात उतरते. जात्याचा दगड तीत कोठेच नाही. यंत्र चांगले आहे. पण विक्री थंडावली होती, आणि गिऱ्हाईक हल्ली दुकानात येण्याआधी फोनमध्ये डोकावते असे मालकांना कोणीतरी सांगितले. ते मला म्हणाले, "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे. वेबसाइटचं तुम्हीच बघा." चांगल्या मराठीचा असा उपयोग होईल, असे मला शाळेत कोणी बजावले नव्हते. शिकवायला मालकांचा पुतण्या नेमला गेला. तो मला काकू म्हणतो, आणि विद्यार्थिनी म्हणून जरा धाकातही ठेवतो.

त्याचा पहिला धडा 'कीवर्ड' हा होता. लोक ज्या शब्दांनी वस्तू शोधतात, ते शब्द म्हणजे कीवर्ड. ते आपल्या पानावर असतील आणि पानावरचा मजकूर खरोखर उपयोगी असेल, तर फुकटही वर येता येते. नाही तर लिलावात उतरावे लागते. लोक कोणते शब्द किती वेळा टंकतात हे सांगणारे एक साधन गूगलने ठेवले आहे. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्याला ते नेमका आकडा दाखवीत नाही. महिन्याला '१०० ते १ हजार', '१ हजार ते १० हजार' असे मोघम उत्तर देते. गावात कोणाची जमीन किती हे विचारल्यावर शेजारी सांगतात, तसेच हे.

आम्ही यादी करायला बसलो. पिठाची गिरणी, घरघंटी, आटा चक्की, पिठाची चक्की, फ्लोअर मिल, घरगुती गिरणी. एवढेशे यंत्र आणि नावे मात्र एखाद्या देवाला असावीत तशी! त्यातला 'घरघंटी' तर मोठा गमतीचा शब्द. मराठी कानाला वाटावे, की दारावर वाजणारी ही घंटा असावी. पण गुजरातीत घंटी म्हणजे जाते. तो शब्द यंत्राच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला आणि ठिकठिकाणी स्वयंपाकघरात जाऊन बसला. त्याच्या अंगावर गुजरातीचे पीठ आहे म्हणून त्याला कोणी दाराबाहेर ठेवले नाही.

आमच्या वेबसाइटवर मात्र यांपैकी एकही नाव नव्हते. मालकांनी पूर्वी कोणा विद्वानाकडून मजकूर लिहवून घेतला होता आणि त्यात यंत्राचे नाव 'स्वयंचलित गृहोपयोगी धान्यपेषण संयंत्र' असे होते. हे नाव पितळी पाटीवर शोभेल. पण रात्री नऊ वाजता, उद्याच्या डब्याला पीठ नाही आणि कोपऱ्यावरची गिरणी बंद आहे, अशा वेळी कोणती गृहिणी 'धान्यपेषण' हा शब्द टंकील? गूगलचे साधन त्या नावासमोर आकडाच दाखवीना.

मला त्या वेळी मोल्सवर्थसाहेबाची आठवण झाली. शब्दकोशासाठी त्याने पंडितांच्या मदतीने मराठी शब्द वेचले. १८५७ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत, आणि ते केवळ पोथीतले नाहीत. शेतातले, बाजारातले, माजघरातले, भांडणातलेही आहेत. लोक कसे बोलतात हे आधी नीट ऐकावे आणि कसे बोलावे हे मागाहून सांगावे, किंवा सांगूच नये, हा कोशकाराचा धर्म. वेबसाइटवाल्याचा धर्मही तोच निघाला. फरक म्हणाल तर हेतूचा. कोशकार शब्द ऐकून जपून ठेवतो आणि आम्ही ऐकून गिरण्या विकतो.

दुसरा धडा अधिक मोलाचा होता. शब्द कळला तरी माणसाला काय हवे ते कळतेच असे नाही. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने २००२ साली शोधणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले: काही जाणून घ्यायचे आहे असा, विशिष्ट ठिकाणी पोहोचायचे आहे असा, आणि काही करायचे किंवा घ्यायचे आहे असा. पुतण्याने हे मला आकृती काढून समजावले. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे लहानपणचा गिरणीवाला उभा होता, भुवयांपर्यंत पांढरा झालेला. डबा पुढे केला, की तो नेहमी एकच विचारी, "कशाला पाहिजे?" ज्वारी तीच, पण भाकरीला हवी की आंबिलीला, यावर दळणाचा जाडबारीकपणा ठरे. डाळ तीच, पण लाडवाला रवाळ आणि शेवेला बारीक. त्या गिरणीवाल्याने ब्रोडर वाचला नव्हता, पण 'कशाला पाहिजे' हे विचारल्याशिवाय त्याने कधी पट्टा चढवला नाही.

आणि मग एक दिवस मला ती यादी दिसली. आपले पान कोणाकोणाच्या शोधात पुढे आले आणि त्यांनी नेमके काय टंकले होते, हे गूगल वेबसाइटच्या मालकाला दाखवते. फार विरळा प्रश्न, कोणाचे गुपित फुटू नये म्हणून, वगळलेले असतात. तरी उरतात तेही पुष्कळ. रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के प्रश्न पूर्वी कधीच कोणी विचारलेले नसतात, असे गूगल वर्षानुवर्षे सांगत आले आहे. मला ते पटले. 'पीठ जाड येते काय करावे', 'गिरणी खूप आवाज करते', 'पीठ गरम का होते', 'नाचणी दळताना जाळी कोणती', 'घरघंटीत शेंगदाणे चालतात का'. दुकानात विचारायला संकोच वाटेल असे हे साधे प्रश्न. विचारणाऱ्याला वाटते आपण एकटेच आहोत, आणि इकडे मी चष्मा पुसून ते वाचते आहे.

पुतण्या म्हणाला, "काकू, हे सगळे गिरणी घेऊन बसलेले लोक आहेत. ह्यांच्याकडून विक्री नाही." हिशेब म्हणून ते खरे होते. पण कारखान्यात पंचवीस वर्षे जुने मिस्त्री आहेत. त्यांना मी एकेक प्रश्न वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितले तसे उतरवून घेतले. जाड पीठ म्हणजे जाळी चुकीची किंवा फाटलेली. तेलकट आणि ओलसर जिन्नस घालायचे नाहीत, जाळी तुंबते. मिस्त्रींचे मराठी माझ्यापेक्षा चांगले आहे, हे त्या दुपारी ठरले. ते पान तयार झाले आणि वाचले जाऊ लागले.

मग पेच पडला तो एका वेगळ्याच शब्दावरून. यादीत सर्वांत फुगलेला आकडा 'मोफत पिठाची गिरणी' या शब्दांपुढे होता. अनेक जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून महिलांना गिरणीसाठी अनुदान दिले जाते, त्यावरून हा शब्द फिरत असतो. पुतण्याचे डोळे चमकले. "काकू, मथळ्यात नुसतं 'मोफत' घालू. लोक येतील तरी! आल्यावर बघू."

ही युक्ती जुनीच आहे. पूर्वी लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेकडो शब्द दडवीत. माणसाला दिसू नयेत, यंत्राला मात्र दिसावेत. पानाच्या पोटात कीवर्डची यादी भरून ठेवीत. क्रम लावताना आम्ही ती यादी पाहतच नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले, आणि शब्दांच्या असल्या भरताडीवर २०१२ साली आणखी कडक चाळणी लावली. पण खुद्द दुकानदारालाही मोह सुटत नाही. ज्या ब्रिन आणि पेज यांनी गूगल काढले, त्यांनीच १९९८ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवले होते, की जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल. मग आम्ही तर गिरणीवाले.

मी नको म्हटले. कारण मला आकडा दिसत नव्हता, माणसे दिसत होती. त्याच आठवड्यात कारखान्याच्या फोनवर एक बाई बोलल्या होत्या. आवाज खेड्यातला, मागे कोंबडे आरवत होते. "ताई, ती फुकट गिरणी तुमच्याकडंच मिळती न्हवं? एकानं फारमाचे पाचशे घेतले." मी नाही म्हटले, तेव्हा त्या रागावल्या नाहीत, "बरं" म्हणाल्या. त्या एका 'बरं'मध्ये किती ठिकाणची 'नाही' साठलेली होती! गिरणी म्हणजे त्यांच्या लेखी घरबसल्या चार पायल्यांचे दळण आणि हातात आपले चार पैसे. मोफत हा शब्द आम्हांला येणारी गर्दी होता, त्यांना तो आशा होता. दुसऱ्याच्या आशेवर आपला मथळा टांगायचा नाही, एवढे मी मालकांना सांगितले. मालक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग खरं काय ते लिहा."

त्या शब्दांसाठी आम्ही पान केले. पहिलेच वाक्य असे आहे: 'आम्ही मोफत गिरणी देत नाही.' पुढे लिहिले आहे, की अशा योजना जिल्हा परिषदेच्या असतात, दरवर्षी आणि प्रत्येक जिल्ह्यात सारख्या नसतात. आपल्या पंचायत समितीत जाऊन विचारा आणि अर्जासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नका. या पानाने विक्री वाढली असे मी म्हणणार नाही. पुतण्या अजूनही त्याला 'काकूंचं धर्मादाय पान' म्हणतो. पण त्या पानावर आलेली माणसे ते शेवटपर्यंत वाचतात, हे त्यानेच मला आकडे काढून दाखवले.

आता दिवाळी आली आणि यादीचा रंग पालटला. दरवर्षी या दिवसांत चकलीचे प्रश्न असे उसळतात, की आलेखावर नुसता डोंगर उभा राहतो. 'भाजणी घरघंटीत दळता येते का?' येते, पण भाजलेले धान्य पुरते निवू द्यावे, गरम घातले तर वाफ धरते आणि पीठ जाळीला चिकटते. अनारशाच्या ओलसर तांदळाचे मात्र यंत्रापुढे नाव काढू नये. त्याला आजही खलबत्ता किंवा मिक्सर. मिस्त्रींनी हे सांगितले आणि मी आजच पानावर घातले आहे. कोणाची तरी भाजणी या वेळेला परातीत निवत असेल.