गाडी बघायला धुळ्याला!

आमच्या सासूबाई पारोळा तालुक्यात, शेतातल्या घरात राहतात. जळगावला या म्हटले की चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी म्हशीची आठवण काढून पिशवी भरू लागतात. शेतापासून डांबरी रस्ता अडीच किलोमीटर. उन्हाळ्यात ही गाडवाट अगदी शहाण्यासारखी वागते, पण एकदा पावसाने धरले की तिच्याइतकी खट्याळ वाट दुसरी नाही! कपाशीची काळी जमीन ती. पाणी पडले की फुगते, चिकटते. दहा पावले चाललात तर चपलेखाली शेर-दीड शेर माती. मोटारसायकलचे चाक तर मडगार्डात माती भरून जागच्या जागी थांबते.

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री सासूबाईंना दम लागला. 108 ची गाडी वेळेवर आली, पण ती डांबरी रस्त्यावर उभी. शेजारच्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्यावर गोधडी टाकून त्यांना आणले. अडीच किलोमीटरला सव्वा तास लागला. सकाळी दवाखान्यात त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांच्या नखांत अजून चिखल होता.

तेव्हाच ह्यांनी ठरवले, चारही चाकांना जोर असलेली जुनी गाडी घ्यायची. आणि मी ठरवले, ती मला चालवता यायला हवी. ह्यांची नोकरी फिरतीची. अडीनडीला घरी असते ती मीच!

पैशाचा हिशेब आधी सांगते, म्हणजे पुढचे समजेल. ह्यांच्याकडे दोन लाख ऐंशी हजार. माझ्याकडे पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे एक लाख वीस हजार. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी.ए. झाले, लगेच लग्न झाले आणि बी.एड. राहिले ते राहिलेच. ती ठेव त्या फीसाठी होती. घरात ते सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे कोणी तिचे नाव काढत नव्हते. पण कोणी नाव काढत नाही, म्हणूनच ते पैसे मला सारखे दिसत होते.

दोन गाड्या नजरेत आल्या. एक इथेच जळगावात, 2009 ची मारुती जिप्सी, पेट्रोलवर चालणारी. मालक साडेतीन लाख म्हणत होता. दुसरी धुळ्याला, 2013 ची महिंद्रा थार, डिझेलची, थंड हवेची. किंमत पाच लाख चाळीस हजार. ह्यांचे मन जिप्सीवर. माझे, खरे सांगते, धुळ्याच्या गाडीवर! फोटोत ती लालभडक होती. शिवाय आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना थंड हवेचे महत्त्व सांगायला नको.

एका रविवारी सकाळीच एस.टी.ने निघालो. बरोबर ह्यांच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका होते. त्यांनी अट घातली होती, येताना शेवभाजी खायची.

जळगाव ते धुळे म्हणजे जेमतेम शंभर किलोमीटर. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, डाव्या-उजव्या हाताला कपाशी सुरू झाली. एरंडोल गेले, मग पारोळा. पारोळ्याचा खंदकाचा किल्ला बसमधून ओझरता दिसतो. झाशीच्या राणीचे माहेरचे तांबे घराणे ह्या गावाशी जोडलेले आहे, म्हणून मी मुलांना दर वेळी तो दाखवते आणि ती दर वेळी खिडकीतून दुसरीकडे बघतात. जळगाव आणि धुळे 1906 पर्यंत एकाच खानदेश जिल्ह्यात होते, मग पूर्व आणि पश्चिम अशा वाटण्या झाल्या. पण बसमधल्या बायकांची अहिराणी ऐकली की वाटण्या झाल्याचे काही कळत नाही.

धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि आपला सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रक, गॅरेज, टायरवाले, स्प्रिंगवाले यांची इथे कमी नाही. पांझरेच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत ती लाल गाडी धुऊनपुसून उभी होती. नवरीसारखी! मी आत बसले, गार वारा सोडला, स्टिअरिंग एका हाताने फिरवून पाहिले. मनात म्हटले, हीच!

मिस्त्रीकाका मात्र आत बसलेच नाहीत. त्यांनी गोणपाट अंथरले आणि सरळ गाडीखाली शिरले. पाच मिनिटांनी खालूनच त्यांनी मला हाक मारली, "ताई, या, बघा." साडीचा पदर खोचून मीही वाकले. चासीला ताजा काळा रंग होता. सगळीकडे सारखा, पण एका ठिकाणी रंगाखाली उंचवटा दिसत होता. काकांनी नखाने खरवडले, तर वेल्डिंगचा सांधा! गाडी कधीतरी जोरात आपटली होती.

मग टायर पाहिले. पुढचे दोन नवे, मागचे दोन झिजलेले. दोन चाकांवर धावणाऱ्या गाडीला हे चालून जाते. चारही चाके एकदम फिरवणाऱ्या गाडीत ती सारख्या मापाची लागतात, नाहीतर पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी ओढाताण करतात आणि मधला गिअरबॉक्स दुखावतो. ह्याच कारणाने कोरड्या डांबरीवर चारचाकी जोर लावून वळायचे नसते. वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून जुळवून घेतात, डांबरीवर घसरायला वावच नसतो. विकणाऱ्याने तर आम्हाला डांबरीवरच जोर लावून गोल फिरवून दाखवले! गाडी कण्हत होती आणि हे महाशय म्हणत होते, "ऐका, केवढी ताकद आहे!"

कागद मी पाहिले. ते माझे काम. नोंदणीच्या पुस्तकावर बँकेच्या कर्जाची नोंद तशीच होती. कर्ज फिटले म्हणतात, मग बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 कुठे? "करून देऊ हो वहिनी, आधी इसार तर द्या." फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करायला मात्र ते अगदी तयार होते. विमा दुसऱ्याच कोणाच्या नावावर. मैत्रिणींनो, चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून बघा. ते बरोबर होते, एवढेच एक समाधान.

शेवभाजी झणझणीत होती. काकांनी दोन वाट्या रस्सा घेतला. माझा घास मात्र फिरत होता. कारण चाळीस-पन्नास हजार कमी करून ती गाडी मिळत होती आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला आवडली असेल तर कर्ज काढू." सगळी ठेव मोडून वर कर्ज! मी नाही म्हटले. रंगाखालचा सांधा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी जिप्सी पाहिली. 1985 साली ही गाडी आली, 1996 पासून मोठ्या इंजिनाची आली, सैन्याने तर ती वर्षानुवर्षे वापरली. आता कारखान्यात बनत नाही, तेव्हा काही सुटे भाग शोधावे लागतात, हे काकांनी आधीच सांगून टाकले. वजन टनाच्या आसपास, थारपेक्षा कितीतरी हलकी. चिखलात हलकी गाडी कमी रुतते. पण थंड हवा नाही, टप कापडाचा, स्टिअरिंग फिरवून माझे दंड भरून आले, आणि खड्ड्यात गेली की पोटातले पाणी हलते. पंधरा वर्षे झाल्यामुळे फेरनोंदणी लागते. ती मालकाने करून घेतली होती, पावतीसकट. चासीवर गंज होता, पण उघडा, न रंगवलेला. काका म्हणाले, "हिने काही लपवलं नाही."

सासूबाईंना मुद्दाम आणले होते. पाऊल उंच टाकावे लागते हे बघून त्या म्हणाल्या, "हाई गाडीमा बठाले शिडी लागस का वं?" मी घरातला पाट आणून ठेवला. पाटावर एक पाय, पुढच्या सीटला धरून दुसरा, आणि बसल्या! मागे समोरासमोरची बाके आहेत, तिथे त्यांना बसवायचेच नाही असे मी ठरवून टाकले.

तीन लाख तीस हजारांत गाडी ठरली. माझ्या ठेवीतले पन्नास हजार गेले, आणखी पस्तीस हजार चार सारख्या टायरांत, तेलात आणि लोखंडी पायरी बसवण्यात. पस्तीस हजार उरले. ह्यांनी विचारले, "बी.एड.चं?" मी म्हटले, पुढच्या वर्षी बघू. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या महिन्यात पोस्टात नवे खाते उघडून आले. ह्यांच्या पगारातून, माझ्या नावावर.

आषाढात पहिली परीक्षा झाली. सासूबाईंना तपासणीला न्यायचे होते, हे बाहेरगावी, रात्रभर पाऊस. डांबरी सोडण्याआधी मी थांबले, काकांनी शिकवले तसा छोटा दांडा ओढला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली आणि पाय ब्रेकवर न नेता चालत राहिले. ओढ्यापाशी मागची बाजू फिरली. घाबरून मी थांबले आणि लगेच रुतले! चार चाकांचा जोर म्हणजे जादू नव्हे, टायरच्या खाचा मातीने भरल्या की तीही बिचारी काय करणार! खाली उतरून पऱ्हाट्या तोडून चाकांखाली घातल्या, खालच्या जोराचा गिअर टाकला. दोनदा हिसके बसले आणि गाडी वर आली. घरापासून डांबरीपर्यंत परतताना वीस मिनिटे लागली. सासूबाई सारा वेळ समोरचा दांडा घट्ट धरून होत्या. डांबरी लागल्यावर त्यांनी तो सोडला आणि पदराने आपले नव्हे, माझे तोंड पुसले.

टप मात्र उजव्या कोपऱ्यात गळतो. त्यांच्या डोक्यावर नेमका. धुळ्याला टप शिवणारा चांगला कारागीर आहे म्हणतात, तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा धुळे. काकांनी शेवभाजीची आठवण आत्तापासूनच करून दिली आहे.