तांबडी माती आणि दुखरे अंग

कोल्हापूरला जाणारे बहुतेक जण अंबाबाईचे दर्शन घेतात, रंकाळ्याला फेरी मारतात, तांबडा-पांढरा रस्सा चाखतात आणि चपलांचा जोड पिशवीत घालून परततात. त्या गावाचा आणखी एक चेहरा मात्र पहाटे उठणाऱ्यालाच दिसतो. उतारवयात पहाटे जाग येतच असते. परगावी तिचा असा सदुपयोग करून घ्यावा. उजाडण्यापूर्वी गंगावेशीच्या किंवा भवानी मंडपाच्या बाजूला चालू लागलात, तर एखाद्या जुन्या दगडी इमारतीच्या दारातून घुमणारे हुंकार आणि मातीवर अंग आपटल्याचा दबका आवाज आपल्या कानी पडेल. ती तालीम. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही त्यांपैकी काही नामांकित नावे. वस्तादांची परवानगी घ्यावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि भिंतीशी शांतपणे उभे राहावे. सहसा कोणी नाही म्हणत नाही. स्त्रियांना पूर्वी तालमीत प्रवेश नसे. आता या जिल्ह्यातील मुलीही कुस्तीत नाव काढत आहेत, पण जुन्या तालमीत शिरण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

आत मारुतीची मूर्ती आणि मधोमध मातीचा हौदा. ही माती रस्त्यावरची नव्हे. ती चाळून घेतात आणि तीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर असे जिन्नस मिसळून ती मऊ राखतात. पहाटे हौदा उकरणे हाच पहिला व्यायाम. त्यानंतर जोर, बैठका, दोरी, मुद्गल आणि मग लढती. आपटून घेतलेल्या अंगावर तीच माती थापून मुले घाम जिरवतात. भिंतीशी बसलेल्या वयस्कर मंडळींचे कान पाहा. पिळवटून आक्रसलेला कान ही मल्लाची आयुष्यभराची ओळख. मार बसून कानाच्या कुर्चेत रक्त साकळते आणि तेथेच घट्ट होते.

हे वैभव ज्यांनी उभे केले त्या राजर्षी शाहू महाराजांची आठवण खासबाग मैदानात होते. 1902 साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. त्या धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान 1912 मध्ये पुरे झाले. मधला हौदा उंचावर आणि सभोवती वर चढत जाणारी गोलाकार बैठक. कोठेही बसा, कुस्ती दिसते. गुडघे दुखत असतील तर फार वर चढण्याची गरज नाही.

मला मात्र आपल्याला दाखवायची आहे ती कुस्ती संपल्यानंतरची घटिका. मेहनत झाली की तालमीत मालिश सुरू होते. एक जण पालथा पडतो, दुसरा त्याच्या पाठीशी गुडघे टेकून बसतो. तेल हातावर चोळून कोमट केले जाते. आधी नुसता तळहात फिरतो, सावकाश, लांबवर. मग तळहाताचा मनगटाजवळचा मांसल भाग मांडीत रुततो आणि शेवटी सारे अंग पुन्हा हलक्या हाताने पुसल्यासारखे चोळले जाते. थोड्या वेळाने दोघे जागा बदलतात. थोरल्याचे अंग धाकटा रगडतो, पण धाकट्यालाही कोणीतरी रगडतोच.

या रगडण्याने नेमके काय होते? स्नायूत साठलेले आम्ल मालिशीने पिळून निघते, असे तालमीतही सांगतात आणि शहरातील चकचकीत मसाज केंद्रांतही. ते खरे नाही. श्रमाने तयार होणारे लॅक्टिक आम्ल विश्रांती घेताच साधारण तासाभरात आपोआप ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकते, त्याचे कारण स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा आणि त्या भरून येताना होणारा दाह. मालिश त्या इजा बुजवीत नाही. ती वेदनेची तीव्रता कमी करते. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अडते, अशी उपपत्ती मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडली. ठेच लागताच आपण अंगठा घट्ट धरतो, त्यामागचे कारणही तेच. शिवाय आखडलेला स्नायू सैलावतो, श्वास संथ होतो, झोप बरी लागते. हा लाभ काही तासांचा, फार तर एखाद-दोन दिवसांचा असतो. पण रात्री कूस बदलताना कण्हणाऱ्या माणसाला काही तासही थोडे नसतात.

वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना रोजच्या अभ्यंगाची शिफारस केली आहे आणि डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितले आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नान हे आपल्या घरात उरलेले त्याचे वर्षातून एकदाचे रूप. त्याच अध्यायात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि त्यानंतर अंग सुखावेल असे सर्व बाजूंनी मर्दन करावे, असेही म्हटले आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. तालमीतही तोच पाळतात: आधी मेहनत, मग मालिश. आपल्या घरांत मात्र आजोबा दिवसभर खुर्चीत असतात आणि संध्याकाळी पाय दाबून घेतात. न वापरलेला स्नायू दुखतो तो बसून बसून, आणि त्याला चोळण्यापेक्षा हालचालीची भूक अधिक असते.

म्हणून तालमीतून घरी नेण्यासारखी पहिली वस्तू तेलाची बाटली नव्हे, बैठक. मल्लाची नव्हे, खुर्चीवरची. भिंतीला टेकवलेली, हात असलेली भक्कम खुर्ची घ्यावी. पावले जमिनीवर नीट टेकवून पुढे वाकावे, उभे राहावे आणि धपकन न बसता सावकाश बसावे. पाच वेळा जमले तरी पुरे. दिवसातून दोनदा करावे आणि आठवड्याला एखाद-दुसरी वाढवावी. प्रारंभी हाताचा आधार घेण्यात कमीपणा नाही. जोर काढायचे असतील तर जमिनीवर नको, भिंतीवर दोन्ही तळहात टेकवून काढावेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्या किंचित दुखतील. ते दुखणे चांगले. सांध्यात कळ आली, छातीत दडपले किंवा भोवळ आली तर थांबावे. मग गरम पाण्याने स्नान करावे आणि त्यानंतर कोणी पाठीला तेल लावले तर ते खरोखर अंगी लागते.

काही गोष्टी मात्र तालमीतच राहू द्याव्यात. जवान मल्लाच्या पाठीवर दुसरा मल्ल पाय देऊन उभा राहतो. ते पाहून कौतुक वाटते. आपल्याकडेही नातवाला पाठीवर चढवून अंग तुडवून घेण्याची जुनी आवड आहे. सत्तरीतील ठिसूळ मणका एवढ्या भाराने दबू शकतो आणि मग महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते. मान धरून कडकन वाजवणे हा प्रकार तर कोणत्याही वयात नकोच. मग ते न्हाव्याच्या खुर्चीत असो की घरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराने रगडू नये, नुसते चोळावे. म्हाताऱ्या त्वचेखाली निळे डाग किती चटकन उठतात, हे शुश्रूषा करणाऱ्यांना ठाऊकच आहे. मधुमेहाने पावले बधिर झाली असतील तर तेल गरम आहे की नाही ते लावणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहावे. ज्याला लावायचे त्याला विचारून उपयोग नाही. आणि तळपायाला तेल लावल्यावर ते पुसल्याशिवाय माणसाला उभे करू नये. फरशी, तेलकट तळवे आणि रात्रीची लघवीची घाई यांतून मोडलेली खुब्याची हाडे माझ्यासारख्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेली असतात.

सर्वांत जपायची ती पोटरी. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुसरीपेक्षा गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर तिला हात लावू नका. विशेषतः माणूस नुकताच शस्त्रक्रियेतून उठला असेल, बरेच दिवस अंथरुणाला खिळला असेल किंवा लांबचा प्रवास करून आला असेल तर मुळीच नको. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि रगडल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचे भय असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे. इथे प्रेमाने केलेली सेवाच घातक ठरू शकते.

अंगदुखीच्या नावाखाली इतरही आजार लपतात. चालताना डावा खांदा, हात किंवा जबडा भरून येतो आणि थांबल्यावर उतरतो, हे स्नायूचे नसून बहुधा हृदयाचे गाऱ्हाणे असते. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे व कंबर-मांड्या सकाळी पाऊण तासाहून अधिक आखडत असतील, केस विंचरणे किंवा पलंगावरून उठणे अवघड झाले असेल, तर तपासणी हवी. हा विकार औषधाने वेगाने आटोक्यात येतो. त्यात डोकेदुखी किंवा दृष्टी अंधूक होणे याची भर पडली तर एक दिवसही दवडू नये. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर अंग दुखू लागले तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. लघवी गडद, काळसर होऊ लागली तर मात्र तातडीने दाखवावे.

आता खुराकाविषयी थोडे, कारण कोल्हापुरात तो विषय टाळता येत नाही. थंडाईतील बदाम, तूप, मटण हे मल्लाला चालते कारण त्याची मेहनत तेवढी असते. आपल्याला खुराक लागत नाही असे मात्र नव्हे. वयस्करांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत आणि चहा-खारी, मऊ भात यांवर भागवणाऱ्या घरांत ती मिळत नाहीत. वरण, उसळ, दही, अंडे, मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हाती देतात. पाहायला मौज आहे. तो पेला तसाच तोंडाला लावण्याचा मोह आवरावा. न तापवलेल्या दुधातून येणारे रोग म्हातारपणी सोसत नाहीत.

आणखी एक सांगणे आहे, ते शुश्रूषा करणाऱ्यांना. रोज अंग चोळणाऱ्या सुनेचे, मुलीचे किंवा मावशींचे अंगठे आणि कंबर दुखू लागते, आणि त्याची दखल कोणी घेत नाही. अंगठ्याने दाबू नये. तळहाताने, शरीराचा भार झुकवून दाबावे. पलंग खुजा असेल तर वाकून उभे राहण्याऐवजी शेजारी स्टुलावर बसावे. पाठीला तेल लावायचे असेल तर वृद्धांना खुर्चीत बसवावे, पुढ्यातील टेबलावर उशी ठेवून तीवर डोके टेकवू द्यावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आणि तालमीत जशी पाळी बदलते तशी घरीही बदलावी. आपण वयाने थोर असाल, तर सुनेला आपल्या पुढ्यात पाठमोरी बसवा आणि तिचे खांदे आपल्या हातांनी जेवढे जमतील तेवढे दाबा. दाबताना आपल्या बोटांनाही व्यायाम होतो. ती आधी नको म्हणेल; तरी बसवा.