मस्टरवर लागलेली नावं

माहितीच्या कायद्याकडे मला ओढून आणलं ते एका परंतुकानं. २००५च्या माहिती अधिकार अधिनियमातलं कलम ८ हे नकारांचं कलम. कोणती माहिती द्यायची नाही, हे तिथं सांगितलेलं असतं. त्यातला वैयक्तिक माहितीचा खंड म्हणजे ८(१)(ञ). कचेऱ्यांमध्ये सगळे त्याला ‘आठ-एक-जे’ म्हणतात. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, एखाद्याच्या खासगीपणावर उगाच घाला घालणारी माहिती देऊ नये, पण व्यापक लोकहित असेल तर द्यावी, एवढं सांगून झाल्यावर खाली ते परंतुक होतं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. एलएल.बी.ला असताना पहिल्यांदा हे वाचलं आणि अंगावर काटा आला. खासदाराला आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज घेऊन आलेल्या बाईला एकाच पायरीवर उभं करणारा कायदा आपल्याकडे होता!

एलएल.एम.च्या प्रबंधाचा विषय त्या दिवशीच ठरला, असं मला वाटतं. पुढचं वाचन मात्र लांबलं. १९७५चा राज नारायण खटला वाचला. इंदिरा गांधींच्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या त्या प्रकरणात पंतप्रधानांच्या दौऱ्यांबद्दलच्या सूचनांची ‘ब्लू बुक’ मागितली गेली होती. न्या. मॅथ्यू यांनी तिथं लिहून ठेवलं, की सरकार सार्वजनिकरीत्या जे जे करतं, ते जाणून घेण्याचा हक्क लोकांना आहे. कायदा यायला पुढं तीस वर्षं लागली. महाराष्ट्रानं आपला कायदा २००२ मध्येच केला होता, आणि त्यामागे अण्णा हजारेंची उपोषणं होती, हेही नोंदवत गेले. तळटीपा वाढत होत्या. पण मार्गदर्शक मॅडम प्रत्येक मसुद्यावर तोच प्रश्न लिहीत : “हे मागतंय कोण?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला राजस्थानात सापडलं. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई भरवली. ग्रामपंचायतीच्या कामांची मस्टर लोकांसमोर मोठ्यानं वाचली गेली. असल्या जनसुनवायांत एकेक नाव पुकारलं जाई आणि गर्दीतून उत्तर येई : हा तर कधीच वारला, ही त्या कामावर गेलीच नव्हती, हा मजुरीला परमुलखात आहे. मजुरी मात्र सगळ्यांच्या नावानं उचललेली. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरच्या चांग गेटवर हीच माणसं चाळीस दिवस धरणं धरून बसली. मागणी काय, तर पंचायतीच्या कागदांच्या प्रती. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा मला अनेक निकालपत्रांपेक्षा नेमकी वाटते.

माझी आजी माण तालुक्यातली. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. त्या दिवसांबद्दल सांगताना ती भुकेबद्दल फार बोलत नसे. “मस्टरला नाव लागलं का, एवढाच घोर,” म्हणायची. तिच्या लेखी ते नाव म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे पोरांची भाकरी. ब्यावरच्या हकिकती वाचताना तिचं हे बोलणं मला नव्यानं कळलं. गरिबाचं नाव सरकारी कागदावर असतं, तेव्हा ते उघड असण्यातच त्याचं रक्षण असतं. ते झाकलं, की त्याच्या नावावर दुसरा कोणीही जेवू शकतो.

मग मी खासगीपणाच्या विरोधात आहे का? हा प्रश्न मला परिसंवादांत सतत विचारला जातो. मुळीच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं, तो निकाल मी मोठ्या आनंदानं वाचला आहे. एका निवृत्त न्यायाधीशानं आधारला दिलेल्या आव्हानातून तो आला. सत्तेनं माणसाच्या घरात, शरीरात, मनात डोकावू नये, यासाठीचा हक्क आहे तो. आणि माहितीचा हक्क आहे माणसाला सत्तेच्या कपाटात डोकावता यावं म्हणून. दोन्ही हक्क दुबळ्याच्याच बाजूचे, सख्खे. त्यांना एकमेकांवर सोडलं जातं, याचं मला दुःख होतं.

सोडलं तर गेलंच. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, त्याची मालमत्ता यांबद्दलची माहिती सर्वोच्च न्यायालयानं वैयक्तिक ठरवली. त्यानंतर नकाराच्या पत्रांत या निकालाचा आधार वारंवार दिसू लागला. मग आला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम ४४(३) नं आठ-एक-जे बदलून टाकलं. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणावर विनाकारण घाला येतो का, या साऱ्या कसोट्या गेल्या, परंतुकही गेलं. उरलं ते इतकंच, की माहिती वैयक्तिक असेल तर नाकारता येते. मस्टरवरचं नाव वैयक्तिक नाही, असं कोण म्हणेल?

ज्या वाक्यासाठी मी या विषयात आले, ते आता कायद्यात नाही. मॅडमना वाटलं, मी विषय बदलेन. मी प्रकरणांचा क्रम बदलला. कलम ८(२) अजून शाबूत आहे; लोकहित जपल्या जाणाऱ्या हितापेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते म्हणतं. फरक इतकाच, की लोकहिताची बाजू मांडायचा भार आता अर्जदारावर येण्याची भीती आहे, आणि महाराष्ट्रात अर्जाला मर्यादा आहे दीडशे शब्दांची. म्हणून मी राज्य माहिती आयोगाचे आदेश वाचते आहे. मजूर, विधवा, धरणग्रस्त यांची द्वितीय अपिलं वेगळी काढते. ८(२)चा आधार कोणी, कशा शब्दांत घेतला आणि तो कुठं टिकला, हे मांडते. प्रबंधाला मराठी परिशिष्ट जोडायला विद्यापीठाची परवानगी मागितली आहे. अर्जात लोकहित कसं मांडावं, याचे नमुने त्यात असतील, दीडशे शब्दांच्या आत बसणारे.