माझ्या बाबांचे छंद

आपल्या वर्गाच्या ताईंनी मागे मुलांना निबंध दिला होता, 'माझ्या बाबांचे छंद'. दहा ओळी लिहायच्या होत्या. आमच्या कन्येने तीनच लिहिल्या. "माझ्या बाबांना छंद नाहीत. ते ऑफिसचे काम करतात. मग ते फोन बघतात." वही हातात आल्यावर आम्ही आधी शुद्धलेखन तपासले. एकही चूक नव्हती. त्यामुळे जास्तच लागले.

आम्ही व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कोणी चूक दाखवली की "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय" असे म्हणण्याची सवय. त्याप्रमाणे आम्ही स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केले की आम्हाला छंद पुष्कळ आहेत: वाचन, संगीत, भटकंती, बुद्धिबळ. आमच्या सौ. पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "ही यादी मी आधी वाचली आहे. लग्नाच्या वेळी तुमच्या घरून जो बायोडेटा आला होता, त्यात होती."

"मग?"

"मग काय? यादीतलं मी अजून काही पाहिलं नाही."

खरे सांगायचे तर त्या यादीत खोटे काही नव्हते. साताऱ्याला शाळेत असताना आम्ही सहा वर्षे तबला शिकलो. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि "आता जरा अभ्यासाकडे बघा" असे ठरून तबला कपाटावर गेला. पुढे नोकरी झाली, परदेश झाला, घर झाले. तबला आमच्याबरोबर एनिसपर्यंत आला आणि इथल्या घराच्या माळ्यावर गेला. कपाटावरून माळ्यावर, एवढीच त्याची प्रगती.

मग आम्ही इंजिनिअरला शोभेल असा उपाय केला. संगणकावर तक्ता आखला. सोमवारी तबला, मंगळवारी वाचन, गुरुवारी बुद्धिबळ, रविवारी चालणे. रकान्यांना रंगही दिले. दोन आठवडे तक्ता चालला. तिसऱ्या सोमवारी ऑफिसात एक काम रात्री दहापर्यंत लांबले आणि सगळा पत्त्यांचा बंगला कोसळला. कन्येने तक्ता पाहून विचारले, "बाबा, हेपण ऑफिसचंच काम का?"

त्या रात्री आम्हाला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. कॉलेजात असताना त्यांच्याविषयी वाचले होते आणि 'एका माणसाला एवढे कसे जमते' म्हणून बाजूला ठेवले होते. या वेळी पुन्हा वाचायला घेतले.

मुलांनो, कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. त्यांचे वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे विद्वान. दामोदर मुलगेपणी वडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन परतले. पोटापाण्याचा विषय गणित. आधी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते होते. घर पुण्याला आणि नोकरी मुंबईला, त्यामुळे डेक्कन क्वीनने जा-ये.

आता गंमत पाहा. त्यांना संख्याशास्त्र स्वतःच शिकायचे होते. नुसती पुस्तकातली उदाहरणे सोडवण्यापेक्षा खरी मोजमापे हवीत, म्हणून त्यांनी जुनी नाणी वजन करायला घेतली. नाणे हातोहात फिरले की झिजते आणि हलके होते. तेव्हा एकाच ढिगातले कोणते नाणे जास्त वर्षे फिरले हे तराजूवरून सांगता येईल, असा त्यांचा हिशेब. तक्षशिलेला सापडलेली चांदीची ठसे मारलेली नाणी त्यांनी अशीच तोलली. मग प्रश्न पडला, ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी इतिहासात शिरावे लागले. इतिहासासाठी जुने ग्रंथ हवेत, म्हणून संस्कृत पक्के केले, ते इतके की भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी शेकडो हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली आवृत्ती १९४८ साली निघाली. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी फिरता फिरता अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारे वेचली. खेड्यातल्या म्हसोबा-वेताळाच्या शेंदूर लावलेल्या दगडांपाशी थांबून ते लोकांना विचारत, ही पूजा कधीपासूनची? भारतीय इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५६ साली आला.

त्यांचे सगळेच आयुष्य तोलूनमापून होते असे आम्ही म्हणत नाही. ते तापट म्हणून प्रसिद्ध होते आणि १९६६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. आम्ही त्यांच्याकडून एकच गोष्ट घेतली. त्यांच्याकडे वारांचा तक्ता नव्हता. एक आवड दुसरीच्या घरी घेऊन जात होती. आमच्या तक्त्यात सोमवारची मंगळवारशी ओळखच नव्हती.

आणि हे पाहायला पुण्यापर्यंत जायला नको. आपल्या क्लेअरमध्येच पाहा. मिल्टाउन माल्बेचे विली क्लॅन्सी धंद्याने सुतार. ते पाइप्स वाजवत. या वाद्याच्या आयरिश नावातच 'कोपर' हा शब्द आहे, कारण आपल्या पेटीचा भाता हाताने चालतो आणि याचा कोपराने. १९७३ साली ते वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने सुरू झालेली उन्हाळी शाळा आजही दर जुलैत भरते. टला गावच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात फिडल वाजवणारे पी. जे. हेज शेतकरी होते. त्याच वृंदात वाजवणारे एक जण गावचे डॉक्टर होते, आणि ते पुढे संसदेतही गेले. आपल्या एनिसची १९९७ साली 'माहिती युगाचे गाव' म्हणून निवड झाली आणि घरोघरी संगणक आले, तरी गावातले फिडल काही थांबले नाही.

आमच्या घरात मात्र सुरुवात अपघाताने झाली. एका संध्याकाळी कन्या शेजारच्या खोलीत टिन व्हिसलवर शाळेत शिकवलेली जिग घोटत होती. आम्ही ऑफिसच्या फोनवर होतो. आमची बोटे टेबलावर आपोआप चालू लागली: धा धिं ना, धा तूं ना. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तू काय वाजवतोयस?"

"दादरा."

"किती बीट्स?"

"सहा मात्रा."

"जिगचेपण सहाच!"

पंचवीस वर्षांत आमच्या तबल्याची एवढी स्तुती कोणी केली नव्हती. फोन संपताच आम्ही माळ्यावर चढलो. डग्ग्याचे चामडे इथल्या दमट हवेने सैल पडले होते, तबला हातोडीने ठोकून ठोकून जेमतेम सुरात आला. बोटे तर त्याहून सैल. तिसऱ्या आवर्तनात आम्ही सम चुकलो आणि ती न थांबता पुढे गेली. आयुष्यात प्रथमच कन्येने आम्हाला सांभाळून घेतले.

त्यानंतर आमचीही एक छोटी साखळी सुरू झाली. रील नावाचा प्रकार केरव्यात बसतो हे कळले. पण जिगमध्ये मध्येच एक उचल येते, ती आमच्या दादऱ्यात येईना. म्हणून शेजारच्या काकांना विचारले. ते नळकाम करतात आणि फिडल वाजवतात. ते म्हणाले, "गुरुवारी आम्ही बसतो, या ऐकायला." तिथे कळले की पुष्कळ चालींना गावांची आणि जागांची नावे आहेत. कन्या वाजवते त्या जिगचे नावच 'क्लिफ्स ऑफ मोहर'. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही त्या कड्यांवर नेले आहे, पण फोटो काढायला. या वेळी ती व्हिसल घेऊन आली. दोनशे चौदा मीटर उंचीच्या कड्यावर वाऱ्याने तिचा एक सूर ऐकू येऊ दिला नाही, पण ती पूर्ण चाल वाजवूनच थांबली. परतताना गाडीत तिने विचारले, "साताऱ्याच्या नावाची चाल आहे का?" आम्हाला उत्तर आले नाही. आता ते शोधणे आले.

आमचे आयुष्य बदलले वगैरे काही नाही. महिनाअखेर ऑफिसचे काम येते आणि आठवडाभर तबल्यावर धूळ बसते. बुद्धिबळाचा पट अजून उघडलेला नाही. पालकहो, तुमचाही बायोडेटा घरात कुठेतरी असेलच. त्यातली एक ओळ मुलांच्या आवडीशी कुठे जुळते का, एवढे पाहा. आणि मुलांनो, आईबाबांना विचारा, तुमच्या माळ्यावर काय आहे?

ताईंनी निबंध पुन्हा लिहायला सांगितला होता. कन्येने पहिले वाक्य खोडले आणि त्या जागी लिहिले, "माझे बाबा तबला वाजवतात, पण रोज नाही." फोनचे वाक्य तसेच ठेवले आहे. शुद्धलेखनाची चूक याही वेळी नाही.