भिंतीच्या कडेने

धुळ्याच्या उत्तरेला मुंबई-आग्रा महामार्गावर, किल्ल्याच्या टेकडीजवळ वसलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे; परंतु खानदेशातील जुने घर मातीचे, आणि जाड भिंती, लाकडी कडीपाटावर माती अंथरून केलेले धाबे, शेणामातीने लिंपलेली कणगी व वेचणीच्या दिवसांत घरात येऊन पडणारा कापूस अशा या रचनेत माणसाला जी अडगळ वाटते, ती उंदराच्या लेखी नांदती वस्ती असते.

या वस्तीत वावरणारे सगळे एका कुळीचे नसतात. चिचुंद्री मुळात उंदीर नव्हेच, ती किडे खाणारी. घूस जमीन पोखरते. पांढऱ्या पोटाचा, आखूड शेपटीचा शेतउंदीर बांधावरचे बीळ सोडून क्वचितच आत येतो. घरात खरे बिऱ्हाड असते ते कडीपाटावर सहज चढणाऱ्या काळ्या उंदराचे, आणि जेमतेम दहा-वीस ग्रॅम वजनाच्या, करंगळीएवढ्या फटीतून आत शिरणाऱ्या लहान घरउंदराचे. प्राणिशास्त्रात या दोघांना सहभोजी म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर व आसऱ्यावर जगणारे, पण त्याचे पाळीव न झालेले प्राणी. हे साहचर्य शेतीबरोबर, धान्याच्या कोठारामुळे सुरू झाले असावे असे सहज वाटते. परंतु भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्राचीन वस्त्यांत सापडलेल्या उंदरांच्या दातांवरून असे दिसते की सुमारे 15,000 वर्षांपूर्वी, पेरणी माहीत नसलेले शिकारी लोक एका जागी दीर्घकाळ राहू लागले, तेव्हाच घरउंदीर त्यांच्या आसऱ्याला आला, आणि ते लोक पुन्हा भटकू लागले की त्याची जागा रानातल्या उंदराने घेतली. त्याला धान्यापेक्षाही आधी हवा असतो तो न हलणारा माणूस.

घरातल्या उंदराचे वागणे माणसाच्या या स्थिरतेवरून बरेचसे उलगडते. त्याची नजर अधू असते. तो घर पाहून ओळखत नाही, तर मिशांनी चाचपून, वासाने हुंगून आणि माणसाच्या कानाला न पोचणारे अतिउच्च पट्टीतले आवाज ऐकून ओळखतो. म्हणून तो खोलीच्या मधून न जाता एक बाजू भिंतीला लागून राहील अशा बेताने पळतो, जाता जाता मुताचे थेंब सोडून वाटेवर आपल्या कुळाची खूण ठेवतो, आणि एकदा बसलेली वाट अंधारातही चुकत नाही. माणूस या नकाशात शत्रू म्हणून नसतोच, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. असते ती त्याची दिनचर्या, म्हणजे चूल कधी विझते, दिवा कधी मालवतो, जात्याभोवती किंवा आताच्या काळात ओट्याखाली सांडलेले केव्हा झाडले जाते. गप्पा ऐन रंगात असताना उंदीर खुशाल उतरंडीमागून निघून जातो आणि एखादे झाकण पडताच जागच्या जागी थिजतो, याला लोक कधी धीटपणा तर कधी भित्रेपणा म्हणतात. वास्तविक नित्याचा आवाज त्याच्या अंगवळणी पडलेला असतो आणि त्याला दचकवतो तो अवेळी झालेला. याच न्यायाने तांबटाच्या घरातील उंदराला हातोडीचे एकसारखे ठोके म्हणजे कौलांवरचा पाऊसच.

नव्या वस्तूपाशी मात्र दोन्ही उंदरांचे स्वभाव फाटतात. जागेवरून सरकवलेला डबा किंवा नवा पिंजरा दिसला की लहान उंदीर त्याभोवती घुटमळतो, हुंगतो, आत डोकावतो, त्यामुळे भज्याचा तुकडा लावलेल्या पिंजऱ्यात पहिल्याच रात्री सापडण्याची शक्यता त्याचीच अधिक. काळा उंदीर तीच वस्तू कित्येक दिवस टाळतो. अपरिचिताचे हे भय त्याला विषापासूनही वाचवते, कारण तो अनोळखी खाद्य आधी किंचित चाखतो आणि पोट बिघडले तर त्याकडे पुन्हा वळत नाही. जस्ताच्या फॉस्फाइडचे काळे विष ठेवण्यापूर्वी दोन-तीन दिवस तेच पीठ बिनविषारी देऊन त्याचा विश्वास कमवावा लागतो, तो यासाठीच. ही युक्ती आहे खरी, पण तिच्यात थोडी दगाबाजीही आहे.

सोनगीरच्या कारागिराने उंदराचा विचार करून हंडा घडवला असेल असे नाही, पण मातीच्या कणगीला जे साधत नाही ते त्याच्या हातच्या भांड्याला साधते. उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी तो लाकूड, वायर, साबण काहीही कुरतडतो. मात्र कुरतडायला दातांना कड लागते. पितळेच्या गोल, गुळगुळीत पोटावर दात घसरतात, पायांनाही पकड मिळत नाही, आणि धातूचा टणकपणा जितका, तितकाच हा गोलवाही धान्य राखतो.

उंदराने माणसाची दिनचर्या ओळखली, तशी माणसानेही एकदा उंदराची ओळखली होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा घरात उंदीर मरून पडू लागले की लोक चीजवस्तू घेऊन गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत 1898 मध्ये दाखवले, तरी ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. घर सोडून जाणाऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती. परंतु उंदराचे अंग थंड पडले की ती उबेसाठी दुसरे अंग शोधते, आणि त्या वेळी घरात माणूस नसला तर तिला तेथे माणसाचे रक्त मिळत नाही.